गोठवील त्यानेच मोकळे करावे

जगाचा बराचसा कारभार ज्या यंत्रांवर चालतो, त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात एका माणसाने लिहिलेली ओळ दुसऱ्या माणसाने पारखून घेतल्याशिवाय शिरू शकत नाही. या व्यवस्थेबद्दल परिसंवादांतून फार भारदस्त बोलले जाते. पारखून घेणारी व्यक्ती त्या वेळी झाशीत, इलाइट चौराह्याच्या मागल्या गल्लीत, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत असू शकते आणि आलेल्या सात पॅचांपैकी तिने दोनच वाचलेले असू शकतात, हे मात्र कोणी बोलत नाही. ती व्यक्ती म्हणजे मी.

या गाभ्याला आम्ही कर्नल म्हणतो. डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या हे पाहणारा जो त्याचा भाग आहे, त्याला फाइलसिस्टिम म्हणतात, आणि त्यात येणारे बदल तपासणे हे माझे काम. बदल, म्हणजेच पॅच, मेलने येतो, सगळ्या मेलिंग लिस्टला जातो, जगात कोणालाही तो वाचता येतो. मला पटला तर मी खाली एक ओळ लिहिते, की मी हे तपासले आहे, आणि पुढे माझे नाव. ती शेऱ्याची ओळ कायमची राहते. माझे वडील तिला सही म्हणतात. मी तहसीलमध्ये बसते अशी त्यांची समजूत नाही, पण माझ्या कामात त्यांना फारसा फरकही दिसत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे गोठवण्याचे प्रकरण चालू होते. डिस्कची प्रत काढायची असेल तर काही क्षण तिच्यावर कोणी काही लिहिता कामा नये. म्हणून बॅकअपचा प्रोग्राम फाइलसिस्टिम गोठवतो. वाचणाऱ्यांनी वाचावे, लिहिणाऱ्यांनी थांबावे. प्रत निघाली की तो ती मोकळी करतो. घरातल्या लग्नात ग्रूप फोटो काढताना फोटोग्राफर सगळ्यांना हलू नका म्हणतो, त्यातलाच प्रकार. अडचण येते ती दोघांनी एकाच वेळी गोठवले तर. बॅकअप चालू आहे आणि तेवढ्यात कोणी लॅपटॉपचे झाकण मिटले, तर झोपण्यापूर्वी कर्नल स्वतःही फाइलसिस्टिम गोठवतो. मग ज्याचे काम आधी संपते तो सगळेच मोकळे करून जातो, आणि दुसऱ्याच्या फोटोत सगळे हललेले येतात.

यावर एका मुलीने सात पॅच पाठवले. ती कोल्हापूरकडची, पुण्यात एका कंपनीत काँट्रॅक्टवर. आमची कधी भेट नव्हती. तिची कल्पना साधी होती. किती जणांनी गोठवले आहे ते लक्षात ठेवायचे आणि शेवटचा मोकळा झाला की मगच डिस्क मोकळी करायची. दिवाळीनंतर पहिली आवृत्ती आली. त्यावर एकाने तिच्या टिपणीतला स्वल्पविराम काढायला सांगितला. दुसऱ्या आवृत्तीवर त्यालाच तो परत हवा होता. तिसऱ्या आवृत्तीत एका फंक्शनच्या नावावरून अठ्ठावीस मेल झाले. ते नाव शेवटी होते तेच राहिले.

चौथ्या आवृत्तीच्या वेळी लिस्टवरचे ज्येष्ठ गृहस्थ बोलले. त्यांच्याच हातून हे पॅच पुढे जातात, त्यामुळे ते बोलले की बाकीचे थांबतात. त्यांनी लिहिले की प्रश्न मोजणीचा नसून स्वामित्वाचा आहे. तीन परिच्छेदांनंतर तत्त्व आले. जो गोठवील त्यानेच मोकळे करावे, अन्य कोणासही तो अधिकार नसावा. वाचायला फार छान होते. तिघांनी खाली ‘सहमत’ लिहिले, त्यातली तिसरी मी. लाइट गेली होती, फोनवरून वाचत होते. हे कारण म्हणून सांगत नाही, पण तसे होते खरे.

मुलीने तत्त्वाप्रमाणे कोड बदलला आणि मे महिन्यात पाचवी आवृत्ती पाठवली. शुक्रवारी तिचा फोन आला. आमच्यात फोन करत नाहीत, जे काय असेल ते लिस्टवर, सर्वांसमक्ष.

“ताई, लिस्टच्या बाहेर बोलतेय. चालेल ना?”

“चालत नाही. बोला.”

“महिनाअखेर माझं काँट्रॅक्ट संपतंय. ही सिरीज या खेपेत आत गेली तर पुढं वाढवू, असं मॅनेजर म्हणालेत. आणि रविवारी दार बंद होतंय.”

दार बंद होते म्हणजे त्या खेपेचे पॅच घेणे थांबते. पुढची खेप दोन-अडीच महिन्यांनी.

“म्हणजे मी शेरा द्यायचा.”

“वाचून द्या. पण वाचा. मागची आवृत्ती तीन आठवडे तुमच्याकडं पडून होती, आणि मग एक शब्द आला.”

शनिवारी सकाळपासून वाचायला बसले.

कोड चांगला होता. जेवायला उठले तेव्हा दोन पाने सूचना लिहून झाल्या होत्या, सगळ्या किरकोळ. वडील लक्ष्मी ताल या तळ्याकाठचे सकाळचे फिरणे आटोपून, आंघोळ करून, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून ताटावर बसले होते. ते रेल्वेतून निवृत्त झाले. गाड्यांच्या डोक्यावरच्या विजेच्या तारांची देखभाल हे त्यांचे खाते. आज काय चालले आहे, असे त्यांनी विचारले आणि मी चुकून सांगितले.

“नियम असा, बाबा. ज्याने बंद केलं त्यानेच उघडायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

“मग यात नवीन काय? तारेवर काम करायचं तर आधी करंट बंद करवायचा आणि परमिट घ्यायचं. तीन गँग असल्या तर तीन परमिट. तिन्ही परत येईपर्यंत करंट सोडायचा नाही.”

“अगदी तेच.”

“और परमिट घेणारा उन्हात लू लागून पडला तर?”

“पडत नाही.”

“बेटा, मे महिन्यात बबीनाकडच्या लाइनीवर कोण पडत नाही ते सांग. असं झालं की सुपरवायझर स्वतः जागेवर जायचा, माणसं मोजायचा, तार बघायचा, आणि त्याच्या नावचं परमिट आपल्या सहीनं रद्द करायचा. नाहीतर काय, गाड्या उभ्याच ठेवायच्या? तुमच्याकडे तो कोण आहे?”

“आमच्याकडे प्रोग्राम असतात. त्यांना लू लागत नाही.”

“बरं. सब्जी घे.”

ते ‘बरं’ मला आवडले नाही. म्हणून जेवणानंतर मी पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला, जो फाइलसिस्टिम गोठवतो आणि लगेच मरतो. चहाच्या वेळी वडिलांना सांगता यावे की बघितले, काही होत नाही, एवढाच हेतू.

असले प्रयोग आम्ही खोट्या कंप्यूटरवर करतो. म्हणजे खऱ्या कंप्यूटरच्या आत एका खिडकीत दुसरा चालवायचा, तो बिघडला तर खिडकी बंद करायची. माझ्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या होत्या, एक खोट्याची आणि एक खऱ्याची. मी खऱ्याच्या खिडकीत प्रोग्राम चालवला. यानेही काही बिघडले नसते, कारण जुन्या कर्नलवर ती डिस्क मोकळी करता आली असती. पण जो कर्नल तपासायचा तोच मी माझ्या लॅपटॉपवर चालवते. असे कोणी सांगितलेले नाही. लिस्टवर जाता जाता तसे लिहिता येते, एवढाच त्याचा उपयोग.

प्रोग्रामने डिस्क गोठवली आणि ठरल्याप्रमाणे तो मेला. मी मशीनची मालकीण या नात्याने, सगळ्या अधिकारांसह, मोकळे करण्याचा हुकूम दिला. परवानगी नाही, असे उत्तर आले. पुन्हा दिला. परवानगी नाही. ज्याने गोठवले त्याने यावे, असे कर्नलचे म्हणणे होते, आणि ज्याने गोठवले तो मेला होता. या वागण्यात कोडची काही चूक नव्हती. तत्त्व जसे सांगितले होते तसेच ते पाळले जात होते.

माझी दोन पाने सूचना समोर दिसत होती, वाचता येत होती, पण सेव्ह होत नव्हती, कारण सेव्ह करणे म्हणजे लिहिणे. ज्या ज्या प्रोग्रामला डिस्कवर काही लिहायचे होते ते एकेक करून निमूट थांबत गेले. घड्याळ मात्र चालू होते. मी कागद-पेन घेतले आणि पडद्यावरचा मजकूर उतरवून घ्यायला लागले. वडील दारात येऊन उभे राहिले.

“हे काय?”

“लॅपटॉप बटण दाबून बंद करावा लागणार. त्याआधी उतरवून घेतेय.”

“आणि सुपरवायझर?”

मी लिहीत राहिले. ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी स्वतः चहा केला. ते स्वतः चहा करतात ते जिंकल्यावरच.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर मी तिची पहिली आवृत्ती उघडली. सुपरवायझर तिथे होता, चार ओळींत. कर्नलने स्वतः गोठवले असेल तर कोणी हात लावायचा नाही, पण एखाद्या प्रोग्रामने गोठवले असेल तर मशीनच्या मालकाला ते मोकळे करता येईल. चौथ्या आवृत्तीनंतर, स्वामित्वाचे तीन परिच्छेद वाचून, तिने त्या ओळी काढल्या होत्या. त्या परिच्छेदांखाली माझा ‘सहमत’ होता. पाच आवृत्त्या, जगभरचे वाचक, आणि मरणाऱ्या प्रोग्रामचा विचार एकट्या त्या मुलीने केला होता. तो आम्ही तिला काढून टाकायला लावला.

मी फोन केला.

“म्हणजे पहिलीत होतं ते बरोबर होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि काढायला तुम्हीच सांगितलंत.”

“तिघांनी. तिसरी मी.”

मग ती म्हणाली, “ताई, असा प्रोग्राम मरतो कितीदा? शेरा देऊन टाका. आत जाऊ दे. दुरुस्तीचा पॅच मी पुढच्या आठवड्यात पाठवते, कुणाला कळणारसुद्धा नाही.”

आमच्यात असे सर्रास चालते, म्हणून मी लगेच नाही म्हणू शकले नाही. पण माझ्या लॅपटॉपला निदान बटण होते. ज्या सर्व्हरवर हे चालणार ते कुठल्या तरी गावाबाहेरच्या कुलूपबंद इमारतीत असतात. त्यांचे बटण दाबायला कोण जाणार, असे मी तिला विचारले.

“ते मला काय सांगताय,” ती म्हणाली. “त्या चार ओळी मीच लिहिल्या होत्या. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते.”

मी लिस्टवर लिहिले. पहिली आवृत्ती बरोबर होती, चौथीवर आम्ही सुचवलेला बदल चूक होता, त्याला मीही न तपासता होकार दिला होता, आणि पाचवीला मी शेरा देऊ शकत नाही. कारण म्हणून माझा पाच ओळींचा प्रोग्राम जोडला. संध्याकाळी तिची सहावी आवृत्ती आली. चार ओळी परत जागेवर होत्या आणि माझा प्रोग्राम चाचणी म्हणून तिने आत घेतला होता, त्यातली एक चूक दुरुस्त करून. या वेळी मी सातही पॅच वाचले, खोट्या कंप्यूटरच्या खिडकीत चालवून बघितले, खिडकी नीट दोनदा पाहून. रविवारी सकाळी शेरा दिला.

आता फक्त ज्येष्ठ गृहस्थांनी पॅच उचलायचे होते. दुपारी त्यांचा मेल आला. मुद्दा उद्बोधक आहे, असे त्यांनी लिहिले होते. त्यामुळे मूळ तत्त्वाला बाध येत नाही, हा केवळ त्याचा अपवाद ठरतो, आणि अपवादाच्या स्वरूपाविषयी त्यांना शांतपणे विचार करायचा होता. सध्या ते प्रवासात होते. मी तीन उत्तरे लिहिली आणि तिन्ही पाठवली नाहीत, कारण ती लिस्टवर कायमची राहिली असती. संध्याकाळी दार बंद झाले.

“पुढच्या खेपेला बघू म्हणतात,” मी वडिलांना सांगितले.

“आणि त्या मुलीची नोकरी?”

“महिनाअखेरपर्यंत.”

“तुमच्याकडे बाहेरगावी जाताना चार्ज देत नाहीत का कोणाला?”

नाही देत, म्हटले. त्यांनी मान हलवली. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रेल्वेची इतकी स्तुती केलेली मला आठवत नाही.

महिना संपला तरी तिला फोन करायचा धीर मला झाला नाही. तिचाच आला. काँट्रॅक्ट वर्षभर वाढले होते. मी विचारले, गृहस्थांनी पॅच घेतले का? नाही, ते अजून विचार करताहेत, असे ती म्हणाली. मॅनेजर म्हणाले होते ते त्यांचे मत. मुदत ठरते ती वरच्या ऑफिसातल्या फॉर्मवर, आणि त्या फॉर्ममध्ये वर्षभरात लिस्टवर किती पॅच पाठवले हा आकडा भरायचा असतो. प्रत्येक आवृत्तीचे पॅच नव्याने धरतात. स्वल्पविराम, फंक्शनचे नाव, तत्त्व आणि माझा नकार, सगळे मिळून तिचा आकडा त्यांच्या विभागात पहिला आला होता. त्यातले आत किती गेले, असा रकाना त्या फॉर्मात नाही.