नुसती भुसी

पेनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या तेलुगूत जातात, पण बसमधली बडबड मराठीच राहते. तेवढी एक गोष्ट मला आवडली. साताऱ्यापासून मी नुसता बसून होतो. आधी रेल्वेत, मग नागपूरहून या बसमध्ये, न उघडणाऱ्या खिडकीपाशी. बसून बसून पोटानं संप पुकारला होता. लेकीला भेटायला बापाला इतकं लांब यावं लागतं, जवळपास कुठं स्थळं नव्हती की काय, असं प्रत्येक स्टँडवर मनात येत होतं.

आदिलाबादला जावई, प्रकाश, गाडी घेऊन आला होता. शहर मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी कापूस सुरू झाला. काळी जमीन, फुटलेली बोंडं, मधेच ज्वारीचा पट्टा, लांबवर सागाच्या टेकड्या. सुंदर मुलूख आहे, हे कबूल करायला हवं. तिथून पुढच्या निर्मल गावची लाकडी खेळणी बघायची असं मी ठरवून आलो होतो. प्रकाश म्हणाला, "आधी घरी चला बाबा, आई वाट पाहून राह्यली." संपलं निर्मल.

"या इवाईबुवा," (इवाई म्हणजे व्याही) नामदेवरावांनी ओसरीवरूनच हाक दिली. पाणी हातात पडायच्या आत त्यांनी अर्ध्या गल्लीसमोर विचारलं, "प्रवासात पोट साफ झालं काय?" मी नाही म्हणालो. माझी चूक एवढीच. मग जो तो उपाय सांगू लागला, कुणी एरंडेल, कुणी सोनामुखी. "काऊन लाजता जी? पोट काय तुमाले एकट्यालेच हाय?" नामदेवराव म्हणाले. माझं पोट गावाच्या मालकीचं झालं.

मी आवाज चढवून सांगितलं, "मला पोट साफ करायचं औषध चालत नाही. एकदा घेतलं तर अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. पुन्हा घेतलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय." हे सगळं वैशालीच्या लग्नानंतरचं, त्यामुळे माझ्या लेकीलाही ते नीट ठाऊक नव्हतं.

"नाई देत जी औषद," विहीणबाई म्हणाल्या. "आमी काऊन देऊ?"

त्या कौसल्याबाई. जेवायला बसल्यावर कळलं, की या घरात पाहुण्याला विचारून वाढत नाहीत. 'वाढू का?' असं विचारणं म्हणजे त्याला नको म्हणायला लावणं, असा समज. ताटावर हात आडवा धरला तर त्या हाताच्या बाजूनं वाढत. चौथी भाकरी मी चडफडत खाल्ली. मुलीचा बाप, तोंड उघडायची सोय नाही.

सकाळी त्यांनी अंबलीचा (आपली ज्वारीची आंबील) पेला पुढं केला. जरा बुळबुळीत लागली. त्या समोरच उभ्या होत्या, म्हणून संपवली. पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच तळहात खाजायला लागले. मग कान तापले, ओठ जड झाले. वैशालीला हाक मारायला गेलो तर गळ्यातून नुसती घरघर निघाली. हवा आत जाईना. मी घाबरलो, सरळ सांगतो. लेकीच्या दारात मरतोय, एवढंच डोक्यात होतं.

प्रकाशनं गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. "कौन सी दवा खाई?" त्यानं विचारलं. नामदेवराव हात जोडून म्हणाले, "दवा कुछ भी नहीं दिए साब. कसम से." डॉक्टर वाद घालत बसला नाही. त्यानं मांडीत इंजेक्शन टोचलं, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. हळूहळू छाती मोकळी झाली. मग त्यानं पुन्हा विचारलं, सकाळपासून काय काय पोटात गेलं?

दारातून कौसल्याबाई म्हणाल्या, "अंबली. त्यात इसबगोल टाकलं होतं चमचाभर. पण साहेब, ते औषद नाई. नुसती भुसी हाय. लेकराईले बी देतो आमी."

डॉक्टरनं कपाळावर हात मारून घेतला. "अम्मा, इनके लिए वही ज़हर है."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या वेळी मला भोवलं होतं ते हेच इसबगोल, पण मी त्याचं नाव न घेता नुसतं 'औषध' म्हणालो होतो. यांच्या लेखी औषध म्हणजे गोळी, बाटली नाहीतर सुई. भुसी किराण्याच्या दुकानात गूळ-तेलाशेजारी मिळते, मग ती औषध कशी? दिलेला शब्द त्यांनी आपल्या परीनं पाळला होता. मला खूप काही बोलायचं होतं, पण ओठ सुजलेले.

एक रात्र तिथं ठेवून डॉक्टरनं घरी सोडलं. घरी येऊन बघतो तर दारात वैशालीची बॅग भरलेली. "मी तुमच्याबरोबर येतेय बाबा. जिथं माझ्या बापाचं बोलणं कुणी ऐकलं नाही, तिथं मला राहायचं नाही. कायमची येतेय."

प्रकाश भिंतीला टेकून खाली बघत होता. कौसल्याबाई चुलीपाशी बसलेल्या. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही, असं नामदेवराव म्हणाले आणि पुढं म्हणाले, "इवाईबुवा, तुमी सांगान तसं." सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हणजे मरता मरता वाचलेल्या माणसानंच आता यांचा संसारही सावरायचा.

प्रकाश चांगला मुलगा आहे. आल्या दिवशी वैशाली त्याच्याशी कशावरून तरी हुज्जत घालत खळखळून हसत होती, ते मी पाहिलं होतं. रागाच्या भरात ती आली असती आणि साताऱ्यात झुरत बसली असती.

"अंबली आहे का?" मी विचारलं.

"हाय. पण मी नाई देत जी आता," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तुमच्याच हातची द्या. आत काय आहे ते सांगा."

"पीठ, ताक, मीठ. दुसरं काई नाई."

त्यांनी पेला दिला. मी तो सगळ्यांसमोर तोंडाला लावला. डोक्याला पटत होतं, हाताला पटत नव्हतं, पेला हिंदकळायला लागला. कौसल्याबाईंनी तो खालून धरला, आणि मी संपवला. मीठ जास्त झालं होतं. मग वैशाली बॅग तशीच सोडून आत गेली आणि तिनं सासूचं ताट वाढलं.

साताऱ्याला परत आल्यावर जो तो विचारतो, त्या बाईचा राग नाही येत? येतो. रोज संध्याकाळी तिचा फोनही येतो. "भाऊ, आज काय खाल्लं? अंगावर काई उठलं तर नाई?" मी वैतागतो आणि सगळं सांगतो. मग ती फोन वैशालीकडं देते, आणि तो हातातून हातात जाताना दोघींचं कशावरून तरी हसणं ऐकू येतं. तेवढ्यासाठी मी तो पेला प्यायलो. राग मात्र अजून आहे.