पाळीचा कागद

मी विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची रचना शिकवतो, आणि थोरला भाऊ कराडजवळ गावी ऊस करतो. दादा बारावी नापास. तरी वडिलांना, म्हणजे अण्णांना, काही विचारायचं झालं की ते त्यालाच विचारतात. माझी चाळिशी उलटली, पण याचा जळफळाट काही कमी होत नाही.

या दिवाळीत अण्णांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "तू पोरांना शिकवतोस तरी काय रं?"

मी सरसावलो. एका चिपमध्ये आठ-आठ कोर असतात, म्हणजे एकाच कवटीत आठ मेंदू. प्रत्येक जण माहितीची नक्कल स्वतःजवळ ठेवतो. एकानं ती बदलली की बाकीच्यांची जुनी ठरते, म्हणून ते सतत एकमेकांना निरोप धाडतात... अण्णा जांभई देऊ लागले.

"आवं, आपल्या विहिरीगत," विहिरीवरच्या मोटारीची पेटी उघडून बसलेला दादा म्हणाला. "चारी घरांत पाळीचा एकेक कागद हाय न्हवं? कुणाचं पाणी कवा, त्याचा. मागं एकानं पाळी एक दिस पुढं ढकलली, आपल्या कागदावर लिवली नि गप बसला. दुसऱ्या दिशी ज्याची पाळी, त्योबी हजर. लय जुंपली. तवापासनं कसं हाय? आदी बाकीच्या घरांत जाऊन त्यांच्या कागदावर फुली मारायची, मगच आपल्या कागदावर लिवायचं. चिपमदीबी तसंच असंल."

तसंच असतं. अगदी तसंच! जे समजायला मला दोन वर्षं लागली, ते या माणसानं भांडण मिटवता मिटवता शोधून काढलं होतं. "आत्ता कळलं," अण्णा म्हणाले, ते त्याच्याकडे बघून.

सुट्टीनंतर वर्गात मी विहीरच सांगितली. पोरांनी बाकं वाजवली. मागे बसलेले विभागप्रमुख म्हणाले, "झकास उदाहरण! कुठून आणलंत?"

दादा अगदी ओठावर आला होता. मी म्हणालो, "सुचलं असंच."

संध्याकाळी फोनवर दादाला एवढंच सांगितलं की तास रंगला. तो केवढा खूश! तिथूनच ओरडला, "अण्णा, धाकट्यानं नाव काढलं बगा!"

अण्णांनी फोन घेतला. "लय हुशार हायस रं तू," म्हणाले.

हे ऐकायला मी उभा जन्म तडफडलो होतो. मी नुसतं "होय अण्णा" म्हणालो, आणि दादाचं नाव तेव्हाही घेतलं नाही.