सुनंदाताई ढोकणे : करारात लिहिलेला नकार

सुनंदाताईंची आणि माझी पहिली भेट प्रयोगशाळेच्या दारात झाली. नेवासा तालुक्यातील आमच्या दूध संघाच्या पशुखाद्य कारखान्यात मी रसायनतज्ज्ञ म्हणून नुकताच रुजू झालो होतो. ताई खरेदी विभागाच्या प्रमुख. ओंजळीत सरकी पेंडीचे तुकडे घेऊन त्या आत आल्या आणि ही पेंड कशी आहे ते सांगा म्हणाल्या. मी तपासली आणि “ठीक आहे” असे उत्तर दिले.

“ठीक म्हणजे घ्यायची की परत पाठवायची?” त्यांनी विचारले. “‘ठीक’ हा शब्द मला करारात लिहिता येत नाही, सर.”

मी त्यांच्याहून वयाने बराच लहान, तरी त्या मला पहिल्या दिवसापासून ‘सर’ म्हणाल्या, आजही म्हणतात. त्या दिवशी मात्र मला त्यांचा थोडा रागच आला होता. पुढे उमजले की त्यांना माझे मत नको होते. ज्यावर पाय रोवून उभे राहता येईल असा आकडा हवा होता.

ताईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिस्तीबद्दल आणि सचोटीबद्दल अनेकजण लिहितील. मला एकच प्रसंग सविस्तर सांगायचा आहे, कारण त्यांच्या कामाचे मर्म त्यात आहे असे मला वाटते.

आमच्या संघाचे खरेदी धोरण संचालक मंडळाने कधीच मंजूर केलेले होते. ‘जनावरांच्या आरोग्यास पोषक असा दर्जेदार कच्चा मालच खरेदी केला जाईल’ हे त्यातले पहिले वाक्य. पण पुरवठादारांशी होणाऱ्या करारात एक जुने कलम होते: माल कमी दर्जाचा आढळल्यास दरात कपात करून स्वीकारता येईल. वर्षानुवर्षे तसेच चालले होते. ताईंनी हे कलम मंडळापुढे नेले. बुरशीच्या बाबतीत दरकपात नको, ठरलेल्या मर्यादेबाहेरचा माल परतच गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अध्यक्ष म्हणाले, “ताई, आपलं धोरण चांगला माल घ्यायचंच आहे. मग करार कशाला बदलायचा?”

“साहेब, धोरण चांगला माल घ्यायचं आहे आणि करार खराब माल स्वस्तात घ्यायचा आहे. गाड्या कराराप्रमाणे येतात.”

बरीच वादावादी होऊन कलम बदलले. त्याच सभेत त्यांनी दुसरी गोष्टही मान्य करून घेतली. मुख्य पुरवठादाराखेरीज कर्जत तालुक्यातील एका शेतकरी कंपनीशी राखीव साठ्याचा करार करायचा. कंपनीने आमच्यासाठी मका बाजूला ठेवायचा आणि मागणी केली की लगेच ठरलेल्या दराने पाठवायचा. त्या बदल्यात गरज असो वा नसो, आम्ही दर महिन्याला त्यांचा थोडा मका उचलायचा. हा मका जरासा महाग पडे. त्यावरून ताईंना वर्षभर बोलणी खावी लागली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चारा आटला आणि पशुखाद्याची मागणी एकदम वाढली. गोदामात दोनेक दिवस पुरेल एवढाच मका उरला होता. अशा वेळी सकाळी मुख्य पुरवठादार किसनशेठ यांच्या तीन गाड्या वजनकाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. फाटकाबाहेर सभासद शेतकरी टेम्पो आणि मोटारसायकली घेऊन थांबले होते. गाड्या पाहून त्यांचे चेहरे उजळलेले मी स्वतः पाहिले.

मी पोत्यांत पोकळ सळई खुपसून दाणे काढले. वरच्या थरातला मका स्वच्छ होता. मधल्या थरातल्या दाण्यांना कोंदट वास येत होता आणि काहींवर हिरवट छटा होती. अवकाळी पावसात कुठेतरी भिजलेला माल. तपासणीत बुरशीचे विष करारातल्या मर्यादेच्या बरेच वर निघाले, तिन्ही गाड्यांत. अहवाल घेऊन मी ताईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “गाड्या उतरवायच्या नाहीत.”

बातमी फाटकाबाहेर जायला वेळ लागला नाही. थोड्याच वेळात अध्यक्ष दोन संचालकांना घेऊन आले.

“दर कापा आणि उतरवून घ्या. दरवर्षी घेतोच की.”

“यंदाच्या करारात ते कलम नाही, साहेब. आपल्याच सहीनं काढलंय.”

“मग आज परत घालू.”

“घालता येईल. मंडळाची सभा बोलवा, ठराव करा. फक्त ठरावात कारणही लिहावं लागेल, की विषारी मका सभासदांच्या जनावरांना घालण्यासाठी हा बदल करत आहोत.”

सभा बोलवायला कोणी तयार झाले नाही. बाहेरून फाटक हलवल्याचा आवाज येत होता.

किसनशेठ वाईट माणूस नव्हते, आणि तीच तर अडचण होती. महामारीत रस्ते बंद असताना स्वतः गाडीसोबत येऊन त्यांनी माल पोचवला होता. त्या दिवशीही ते गाड्यांसोबत आले होते. ताईंसमोर उभे राहून म्हणाले, “ताई, तवा मी तुमाला अडचनीत सोडलं न्हाई. तवा करार बघत बसलो न्हाई मी.”

“तुम्ही करारापेक्षा जास्त केलंत, शेठ. ते मी विसरलेले नाही,” ताई म्हणाल्या. “पुन्हा तपासणी मागायचा हक्क करारानं तुम्हाला दिलाय. तुम्ही म्हणाल त्या पोत्यातून, तुमच्यासमोर नमुना काढू.”

पोती त्यांनीच निवडली. तपासणी होईपर्यंत ते माझ्या शेजारी उभे होते. निकाल पाहिला, टोपी काढून कपाळ पुसले आणि चालकांना गाड्या वळवायला सांगितले.

रिकाम्या हाताने थांबलेल्या लोकांसमोरून त्या भरलेल्या गाड्या बाहेर पडल्या. लोक खवळले. ताई फाटकावर गेल्या. मीही मागोमाग गेलो. पुढे कौसाबाई नावाच्या वयस्कर सभासद होत्या.

“बाई, माजी गाय कालच व्यालीय. दावणीला उपाशी हाय. तिला काय तुमचे कागद घालू?”

“नाही, मावशी. पण हा मका घातला तर विष तिच्या पोटात जाईल आणि तिथून दुधात उतरेल. ते दूध तुमच्या घरातली पोरंही पितात.”

“मंग आज काय करायचं आमी?”

“गोदामात आहे ते सगळ्यांना अर्धं अर्धं देते. व्यालेल्या गाई ज्यांच्या आहेत त्यांना आधी. कर्जतहून मका मागवलाय.”

“आन न्हाई आला तर?”

“तर उद्याही मी इथंच असेन. मलाच विचारा.”

खरे तर मका तोवर मागवलेला नव्हता. आत येऊन त्यांनी कर्जतच्या कंपनीचे व्यवस्थापक बापूराव यांना फोन लावला. आम्हालाही ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

“ताई, बाजार लई चढलाय,” बापूराव म्हणाले. “बाहेरचा व्यापारी दारात येऊन बसलाय. सभासद म्हनत्यात, त्यालाच देऊ.”

ताईंनी विचारले, “बापूराव, आम्हाला गरज नव्हती तेव्हाही दर महिन्याला तुमचा मका उचलला ना?”

“उचलला की.”

“एखादा महिना चुकवला?”

“न्हाई.”

“मग तुमच्या सभासदांना एवढंच सांगा.”

“बोलून बघतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. होकार नव्हता, नकारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फाटकावर कालच्यापेक्षा जास्त माणसे होती. अर्धे वाटपही संपत आले होते. एका संचालकांनी ताईंना सर्वांदेखत सांगितले की आज मका आला नाही तर राजीनामा लिहून ठेवा. ताईंनी मान डोलावली आणि वाटपाच्या रांगेकडे गेल्या. दुपार झाली, उतरली. मग कर्जतच्या गाड्या दिसल्या. लोक बाजूला झाले, हमाल ताडपत्र्या सोडायला वर चढले.

“थांबा,” ताई म्हणाल्या. “आधी नमुना.”

गर्दीतून शिव्या आल्या. मी नमुना काढून तपासायला घेतला. हाही माल खराब निघाला असता तर दुसरा मका कुठूनच मिळणार नव्हता. माल चांगला निघाला. पोती उतरू लागली.

हे सगळे फुकटात झाले नाही. त्या दोन दिवसांत काही सभासदांनी दूध खाजगी डेअरीला घालायला सुरुवात केली, त्यातले काही परत आलेच नाहीत. ताईंकडे लेखी खुलासा मागितला गेला आणि पुढचे कित्येक महिने काही संचालक त्यांच्याशी बोलत नव्हते. पण पुढच्या वर्षी औषधांपासून दुधाच्या कॅनपर्यंत प्रत्येक खरेदीचा करार याच पद्धतीने, सोप्या मराठीत लिहायचे मंडळानेच ठरवले. किसनशेठ यांनी मका वाळवण्याचे यंत्र बसवले, निविदा भरली आणि पुन्हा आमचे पुरवठादार झाले. आज ते या गौरव समितीचे सदस्य आहेत.

ताई कठोर आहेत असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक आठवण. माझी मुलगी डेंग्यूने नगरच्या दवाखान्यात होती. रजा मागायला मी ताईंच्या खोलीत गेलो, तर प्रयोगशाळेसाठी शेजारच्या संघातील रसायनतज्ज्ञाने यायचे हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. “मुलगी घरी आली की या,” एवढेच म्हणाल्या. संध्याकाळी त्या स्वतः डबा घेऊन दवाखान्यात आल्या आणि माझ्या पत्नीला जबरदस्तीने जेवायला बसवून मुलीपाशी थांबल्या.

निवृत्तीनंतर ताई गावोगावच्या बचत गटांना सही करण्यापूर्वी करार वाचायला शिकवतात. शनिशिंगणापूरच्या दुकानांना पेढे पुरवणाऱ्या महिलांच्या एका गटाला सध्या त्यांनी सहीपासून थांबवून ठेवले आहे. माल उशिरा पोचला तर महिलांना दंड आहे आणि दुकानदाराने माल उचललाच नाही तर त्याला काहीच नाही, हे त्यांना मान्य नाही.

या लेखासाठी मी परवानगी मागितली तेव्हा त्या आधी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, “लिहायचंच असेल तर एक लिहा, सर. त्या दोन्ही दिवशी मी फार घाबरले होते. नाहीतर नंतर येणाऱ्यांना वाटेल, यासाठी धीट माणूस लागतो. धीट माणसं नेहमी कुठून आणायची? करार नीट लिहिलेला असेल तर भित्र्या माणसालाही नाही म्हणता येतं.”

त्यांच्या सांगण्यावरून ते येथे लिहिले आहे. सुनंदाताईंच्या गुडघ्यांना आराम पडो, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपल्या जिल्ह्यात अजून कितीतरी माणसे न वाचता सही करायला बसली आहेत. त्या प्रत्येकाला “थांबा” म्हणायला त्या पोचोत, हीच मनापासून इच्छा.