तेलकट कागदाची वही

कंपनीतल्या तेलकट खाकी कागदाचा वास आला की कॉलेजातली वाकडची मैत्रीण आठवते. तिच्या स्क्रॅपबुकातले चकाकते कागद पाहून माझा नुसता जळफळाट व्हायचा. वडील निघोजे गावातल्या त्यांच्या कंपनीतून सुटे भाग गुंडाळायचा कागद घेऊन आले, त्याची मी फोटो चिकटवायची वही केली. पण तेलामुळे डिंक धरेना. वही उघडताच वर्गात सगळे फोटो खाली पडले. "अगं, पानगळ झाली!" मैत्रीण हसली. संध्याकाळी थेरगावच्या आमच्या खोलीत आईने प्रत्येक फोटो कोपऱ्यांना रंगीत टाके घालून शिवून दिला. दुसऱ्या दिवशी मैत्रीण एकेका टाक्यावरून बोट फिरवत पानं उलटू लागली. "तुझ्या आईकडून माझ्याही वहीला असे टाके घालून आण ना गं." "आईला वेळ नाही," मी म्हणाले. आईला वेळ होता. आज चकाकते कागद मी स्वतःच्या पगारातून आणते, तरी त्या खोट्याचं मला अजून वाईट वाटत नाही.