शालनवहिनींची शेवंती आणि माझा शंभराचा बल्ब

शालनवहिनींचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

जयपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी. त्यांचे उत्तमराव गार्ड, आमचे हे पार्सल ऑफिसात. दोघी भुसावळकडच्या, म्हणून बायका आमची तुलना करायच्याच. वहिनींचे पापड पातळ, बोलणं गोड, आणि ती शेवंती! त्यांच्या दारापासून अंगणातल्या सामायिक नळापर्यंत अकरा कुंड्यांची सरळ रांग. डिसेंबरात कॉलनीच्या फुलांच्या प्रदर्शनात सलग तीन वर्षं पहिला नंबर त्यांचा, दुसरा माझा. दुसऱ्या नंबराला टाळ्यासुद्धा उरल्यासुरल्या मिळतात.

शिवाय तोरा केवढा! दिवसा हसून बोलणार, पण संध्याकाळी नळाला पाणी आलं की मी समोर उभी असले तरी बाई ढुंकून बघायची नाही. एकेका कुंडीवरून हात फिरवत संथ चालायची. मला दाखवायला, दुसरं काय! मिरव बाई, मिरव, असं मी मनात म्हणायचे.

शहाऐंशी सालच्या सप्टेंबरात माझे धाकटे दीर जयंतभावजी रविवारी जेवायला आले. ते दुर्गापुऱ्याच्या शेतकी संशोधन केंद्रात कामाला. वरणभात कालवता कालवता म्हणाले, "वहिनी, शेवंती अंधार मोजते बघा. मतलब, रात्री लांबायला लागल्या की ती कळी धरते. संध्याकाळी तिच्यावर दिवा ठेवला, तर तिला वाटतं उन्हाळाच चालू आहे. आपल्याला पेपरसुद्धा वाचता येणार नाही, एवढा मिणमिणता उजेड तिला पुरतो."

मी त्यांच्या भातावर तूप वाढत होते. धार चालूच राहिली.

दुसऱ्याच दिवशी शंभराचा बल्ब आणून नळावरच्या आमच्या भिंतीला लावून घेतला, तोंड बरोबर त्या रांगेकडे. "एवढा झगझगाट कशाला?" हे म्हणाले. "विंचूकिरडू दिसायला नको?" मी म्हटलं. दिवस मावळला की बटण दाबायचं, ते निजायच्या वेळेपर्यंत. माझ्या स्वतःच्या कुंड्या मागच्या दारी, मिट्ट काळोखात.

ऑक्टोबर गेला, दिवाळी झाली. माझी शेवंती कळ्यांनी लगडली. वहिनींची मात्र कमरेइतकी वाढली, हिरवीगार, आणि कळी म्हणून एक नाही. मी रोज सकाळी वाकून बघून यायचे. "दृष्ट लागली हो कुणाची तरी," असं हळहळून सांगायचे, आणि अंगावर मूठभर मांस चढायचं. वाईट वाटत होतं का? छे!

प्रदर्शनात पहिला नंबर माझा आला. स्टीलचा मोठा डबा मिळाला. मी तो छातीशी धरून वहिनींचं पडलेलं तोंड बघायला वळले, तर त्या हसत माझ्याकडेच येत होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी माझे हात धरले.

"यांचे उपकार कसे फेडू, सांगा," त्या बायकांना म्हणाल्या. "मला रातांधळेपणा आहे. लाजेनं कुणाला बोलले नाही. दिवस मावळला की समोरचं माणूस दिसत नाही. म्हणून तर कुंड्यांची रांग मांडली, काठ चाचपत नळापर्यंत जाता यावं म्हणून. यंदा यांनी बल्ब लावला आणि संध्याकाळी मी मोकळ्या हातांनी चालले. नळावर यांचं तोंड पहिल्यांदा धड दिसलं."

टाळ्या वाजल्या. डब्याला वाजल्या होत्या त्याहून जास्त.

घरी परतताना मला राहवलं नाही. "वहिनी," मी म्हटलं, "तुमची शेवंती फुलली नाही ना, ती त्या बल्बामुळे..."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "जयंतभावजींनी दिवाळीतच सांगितलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही बिचाऱ्या लगेच बल्ब बंद केला असता. तुमचा स्वभाव का मला माहीत नाही? फुलांचं काय मोठंसं, मला उजेड हवा होता."

दिवस मावळायला आला होता. घरी जाऊन आधी बटण दाबलं. पहिल्या नंबराचा डबा अजून माझ्या काखेतच होता, आणि मी त्या बाईवर जळतच होते.