भुईगावच्या सत्तावीस आया

वसई रोडला उतरले तेव्हा मला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: माझं परदेशी जाणं या एका फेरीवर अवलंबून होतं. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेनं मुंबईत कचेरी उघडली होती आणि पुण्यात बालशिक्षणाचा वर्ग पुरा केलेल्या आम्हां दोघींपैकी एकीला ते वर्षभर शिकायला बोटीनं पाठवणार होते. त्याआधी प्रत्येकीनं एकेक बालवाडी पाहून छापील तक्ता भरून आणायचा. माझ्या वाट्याला भुईगाव आलं. तक्ता इंग्रजीतून मराठीत कोणी आणला देव जाणे. ‘बालकांचे उत्सर्जन नियमित आहे काय’ हा प्रश्न मी गाडीत तीनदा वाचला आणि मुकाट्यानं पुढच्याकडे वळले.

स्टेशनाबाहेर एक म्हातारे घोडागाडीवाले उभे होते.

“कुठं जायाचं, बाय?”

“भुईगावच्या बालवाडीत.”

“बाळाची वाडी? चल, बस.”

रस्ता छान होता. दोन्ही बाजूंना केळी, पानवेली, विहिरींवर रहाट. वाऱ्याला खारा वास येऊ लागला आणि गाडी थांबली ती थेट एका केळीच्या बागेत. इकडे बागेलाच वाडी म्हणतात, हे मला कोण सांगणार? बाळू नावाचे मालक कोयता घेऊन पुढे आले.

“केळी पायजेत?”

“नाही, मुलं पाहायला आलेय,” मी म्हणाले.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. “दोगांची लग्नं झाली. धाकटा हाय अजून. पन तू एकलीच आलीस? घरचं कोन नाय संगती?”

माझे कान तापले. सगळा खुलासा केल्यावर ते इतके हसले की कोयता खाली ठेवावा लागला. निघताना त्यांनी सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली केळी) माझ्या हातावर ठेवली आणि गाडीवाल्याला वाट सांगितली. मी मात्र चिडले होते. लग्नाचा मुलगा बघून तक्ता भरत नसतो.

बालवाडी चर्चच्या बाजूला, झावळ्यांच्या मांडवात होती. तेरेजाबाई तिथल्या एकट्या शिक्षिका. लाल लुगडं नेसलेल्या, आवाज खणखणीत. मुलं शिंपल्यांची रांग लावत होती. एक बाई कुणाचं तरी नाक पुसत होती, दुसरी पपई चिरत होती. मी शाईचं पेन काढलं.

“आया किती?”

“सत्तावीस.”

मी चकित झाले. पुण्याच्या आमच्या शाळेत दोन होत्या. तरी लिहिलं.

“त्यांचं शिक्षण?”

“दोघी-तिघी चौथी झाल्या. बाकीच्यांना सहीपन येत नाय.”

“नेमणूक कोण करतं?”

तेरेजाबाईंनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. “नेमनूक? ती देवच करतो.”

मी लिहिलं, ‘चर्चमार्फत’.

एवढ्यात फ्रॉक घातलेली एक चिमुरडी माझ्या गुडघ्याला टेकली. “तू कोनाची आई?”

“कुणाचीच नाही.”

“मग तू कशाला आलीस?”

मी घाईनं पुढचा प्रश्न वाचला. “आयांना कामावरून काढलं जातं का?”

“अगं बाय, आईला कोन काढील?”

आणि तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मी विचारत होते पगारी आया. त्या मोजत होत्या मुलांच्या आया! पगारी आया एकही नव्हती. रोज दोघींचा वार, म्हणजे पाळी, असे. ज्यांचा वार, त्या घरचं आटपून इथं येत. तक्त्याची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती आणि शाई तर पार वाळली होती; सत्तावीसपुढे ‘एकही नाही’ असंही लिहावं लागलं.

तेरेजाबाईंनी मला जेवायला बसवलं. बोंबलाचं कालवण आणि फुगे (तळलेले गोल पाव). “रडू नको,” त्या म्हणाल्या. “आमाला पन शिकलेली एक जनी पायजे. बोट नाय मिळाली तर इथं ये.” मला त्या क्षणी त्यांचा राग आला. कुठं बोट आणि कुठं हा झावळ्यांचा मांडव!

मुंबईच्या कचेरीत परदेशी मॅडम बसल्या होत्या, शेजारी दुभाषी. “आया सत्तावीस की एकही नाही?” त्यानं विचारलं.

“दोन्ही खरं आहे,” मी म्हणाले. मराठीत आई अनेक झाल्या की त्यांच्याही ‘आया’च होतात, हे मी समजावू लागले. मॅडमना पेच पडला आणि समजावता समजावता मलाही. शेवटी त्यांनी तक्ता मिटला आणि विचारलं, मला या कामात कशासाठी यायचं आहे?

उत्तर तोंडपाठ होतं. जगातल्या बालकांची सेवा वगैरे. पण कानात ती चिमुरडीच बोलत होती. बोटीचा डेक, परदेशातलं बर्फ, पुण्यातल्या मैत्रिणींचा हेवा, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मूल एकही नाही.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणाले.

बोटीनं दुसरी गेली. मी दोन दिवस रडले, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी ट्रंक भरली. भुईगावला जातेय, एवढंच आईला सांगितलं.

वसई रोडला तेच गाडीवाले होते. या खेपेला मी शहाणपण केलं. “आया वारानं येतात, त्या शाळेत,” म्हटलं.

“असं पयलंच सांगायचं व्हतं,” ते म्हणाले, आणि गाडी नेमकी मांडवापाशी उभी राहिली.

ती चिमुरडी दारातच होती. मी उत्तर जुळवत होते, पण तिनं या वेळी काही विचारलंच नाही.

“आज माज्या आईचा वार हाय,” ती म्हणाली. “ती वाडीत गेली. तिच्या जागी तू बस.”

मी ट्रंक खाली ठेवली आणि बसले.