फुलं द्यायला खाली या

ओतकामाच्या त्या कारखान्यात पाहुणे यायचे असले की आधी झाडू निघे, मग फुलांचा गुच्छ येई, आणि मग वरून ताईला खाली बोलावणं जाई. ताई म्हणजे क्रेनवाली ताई. छताखालच्या रुळांवरून सरकणारी क्रेन, तिला लटकलेली काचेची केबिन आणि केबिनमध्ये ही बाई. लोखंडी साचे ती अलगद उचलायची आणि बरोबर जागेवर ठेवायची. "झोपलेलं मूल उचलावं तसं उचलते हो," असं साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगत. दुसऱ्या पाळीत क्रेन चालवणाऱ्या पुरुषाबद्दल त्यांना कधी मूलबाळ आठवलं नाही.

ऑफिसच्या एका खणात ताईसाठी कंगवा, पावडरचा डबा आणि इस्त्रीचा रुमाल कायम ठेवलेला असे. औषधांच्या पेटीतली मलमपट्टी संपायची, पावडर मात्र कधी संपली नाही! ग्रीसचे हात घासून घासून धुवायचे, शिडी उतरायची, हसायचं, गुच्छ द्यायचा, फोटो निघायचा, पुन्हा शिडी चढायची. का? तर, "बाईच्या हातून दिलेलं बरं दिसतं."

घरी सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "अगं, फुलं उचलायला क्रेनवाली कशाला लागते? लोखंडाची असतात का ती?"

"तुम्हीच सांगा साहेबांना, सासूबाई."

"मी सांगितलं तर तुझी नोकरी जाईल." आणि मुलाकडे वळून, "ऐकतोस ना रे? का कानात पण पावडर घातलीय?"

नवरा भला माणूस. पण "जाऊ दे ना, तेवढ्यानं काय होतंय" हे त्याचं आवडतं वाक्य. तेवढ्यानं त्याचं काही होत नव्हतं, हे मात्र खरं.

तर झालं असं, की जुने फोरमनकाका निवृत्त व्हायला आले आणि फोरमनची खुर्ची रिकामी होणार असं ठरलं. खरं सांगायचं तर खुर्चीतलं काम ताईच करायची. कुठला साचा आधी उचलायचा, कुठले पट्टे लावायचे, वाटेत कुणाला उभं राहू द्यायचं नाही, हे सगळं सकाळी ती सांगायची आणि काका मान डोलवायचे. मग काकांच्या तोंडून तेच सगळीकडे जायचं. काकांचं नाव व्हायचं. ताईला वाटायचं, आपली पाळी येईल तेव्हा लोकांना आठवेलच की. भाबडी कुठली!

तिनं अर्ज केला. दुसरा अर्ज मिशीवाल्याचा. हा खाली उभा राहून क्रेनला हातानं इशारे करायचा. मनानं चांगला, पण डोक्याला ताण द्यायचा म्हटलं की मिशी कुरवाळायचा. मुलाखत घ्यायला मुख्य ऑफिसचे लोक येणार होते. अर्थातच, गुच्छ आणला गेला.

पाहुणे आत शिरले तेव्हा ताईच्या हुकाला एक अजस्र साचा लटकत होता. साहेबांनी खालून हात हलवला. ताईनं नकारार्थी मान हलवली. साहेबांनी मिशीवाल्याच्या हातातला वॉकीटॉकी ओढून घेतला.

"ताई, जरा खाली या. पाचच मिनिटं."

"साहेब, लोड लटकतोय."

"लटकू दे ना. कुठे पळून जातोय?"

"लोड लटकत ठेवून केबिन सोडायची नाही. केबिनच्या दारावर तुम्हीच लाल रंगानं लिहून घेतलंय."

"अहो, पाहुणे उभे आहेत!"

"ते दिसतंय मला. चुकीच्या जागी उभे आहेत. आधी त्यांना भिंतीकडे सरकवा."

पाहुणे वर बघत बघत स्वतःच सरकले. शेवटी गुच्छ मिशीवाल्यानं दिला. फुलं सुकली नाहीत, पाहुण्यांना चक्कर आली नाही. फोटोही निघाला, मिशीसकट.

दुपारी मुलाखत, दोघांची एकत्रच. मिशीवाल्याला नुकतं बाळ झालेलं. त्याला विचारलं, "काम कसं वाढवाल?" ताईची मुलं आपापले डबे भरून शाळेत जाण्याएवढी मोठी. तिला विचारलं, "घरी कोण बघणार?"

ताई म्हणाली, "बाळ ह्याच्या घरी आहे. त्याला विचारलंत का?"

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले, म्हणजे बघा, असा हिचा स्वभाव. सकाळी नियम पाळला तो हट्टीपणा झाला होता. हेच एखाद्या पुरुषानं केलं असतं तर साहेबांनीच म्हटलं असतं, शिस्तीचा माणूस आहे! पाहुण्यांत एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी ताईला दाराशी गाठलं. "आम्हीही हे सगळं सोसलं गं. थोडं गोड बोललीस तर काय बिघडेल?"

"तुमचं काय काय बिघडलं, ते आठवून सांगा मला," ताई म्हणाली आणि निघून गेली.

खुर्ची मिशीवाल्याला मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काही जणांनी ताईकडे चोरून बघत वाजवल्या, एवढाच काय तो न्याय.

फोरमन म्हणून पहिल्याच सकाळी मिशीवाला शिडी चढून केबिनच्या दाराशी आला. "ताई, आज कुठलं आधी उचलायचं?"

"फोरमन तू की मी?"

"अहो, असं काय करता? काकांना सांगायचात ना, तसंच मला सांगा."

"काकांना सांगत होते, ते चुकलंच माझं. खाली जा आणि इशारा दे. देशील तसं चालवीन."

तो खाली गेला. एका साच्यापाशी उभा राहिला, मग दुसऱ्यापाशी. मिशीची पार दोरी झाली. ताई हात मांडीवर ठेवून बसलेली. भट्टीवाले थांबले, गाडीवाले थांबले, सगळा कारखाना माना वर करून उभा. साहेब धावत आले.

"क्रेन का बंद?"

"फोरमनच्या इशाऱ्याची वाट बघतेय, साहेब."

मिशीवाल्यानं साहेबांना बाजूला घेतलं, पण आवाज बाजूला घ्यायचा विसरला. "साहेब, हे मला येत नाही. ताईच ठरवायच्या सगळं. काका नुसती मान डोलवायचे."

साहेबांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. आवाजात मध. "ताई, मग सांगून टाका ना. आपलंच काम आहे. एवढं काय त्यात!"

"त्यात काही नाही ना? मग फोरमन म्हणून माझी नेमणूक करा. कागदावर."

"आत्ता?"

"लोड हुकाला नाही. मी कितीही वेळ बसू शकते."

जेवणाच्या सुट्टीनंतर कागद वर आला. त्यात 'तात्पुरता कार्यभार' असं होतं. ताईनं तो तसाच खाली पाठवला. साहेब म्हणे ऑफिसात टेबलावर हात आपटून ओरडले, बायकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं. आतापर्यंत छताला टांगून ठेवलं होतं, त्याचं काही नाही! पण तोवर मुख्य ऑफिसचे फोन सुरू झाले होते, माल का निघाला नाही म्हणून. दुसरा कागद आला त्यात 'तात्पुरता' नव्हतं.

ताईनं तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि वॉकीटॉकी उचलला.

"मिशीवाल्या, भिंतीकडचा लांब साचा आधी. रुंद पट्टे लाव. आणि साहेबांना म्हणावं, वाटेतून बाजूला व्हा."